नऊ मिलिमीटरचा अपटिक

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी वस्तीच्या बोअरमध्ये पाणी ३१.४९७ मीटरवर लागलं. सोमवारी ते ३१.५०० वर होतं, रविवारी ३१.५०४ वर. हे आकडे बोअरच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या खोलीचे आहेत. आकडा कमी झाला की पाणी वर आलं असं समजायचं. गेल्या सहा वर्षांत या बोअरचा आकडा सलग दोन दिवस कमी झाल्याची नोंद नव्हती.

मोजणारा पंपचालक होता. वस्तीतली बासष्ट घरं त्याला पंपदादा म्हणत. त्याचा पंप अकरा आठवड्यांपूर्वी पाणी मंडळाने बंद केला होता, आणि वस्तीला एक दिवसाआड टँकर येत होता. पंपदादाकडे आता एकच काम उरलं होतं. रोज सहा-चाळीसला बोअरचं झाकण उघडायचं, टेप खाली सोडायची, टोकाला पाणी लागून बझर वाजला की आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. येत्या शुक्रवारी मंडळ निर्णय घेणार होतं. पाणी घसरतच राहिलं तर बोअर बुजवायचा आणि बासष्ट घरं वळणरस्त्यापलीकडच्या इमारतींत हलवायची. पंपदादाचं घर पंपाच्या खोलीला लागून होतं, मधली भिंत एकच. त्याचा जन्म त्या घरातला.

सहा-पंचेचाळीसला त्याने धाकट्या बहिणीला फोन केला. ती भूजल कार्यालयात साप्ताहिक पत्रक लिहायची.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला.

"काय सत्त्याण्णव? झोपेत आहे मी."

"चारशे सत्त्याण्णव. तीनने वर. काल चारने वर होतं. लिही आता तुझ्या पत्रकात, पाणी वर येतंय म्हणून."

"दादा, दोनच दिवस झाले. उद्या पण आलं तर बघू."

"उद्या, उद्या! लहानपणी आईने शेवटचा लाडू तुला दिला तेव्हा मी उद्या बघू म्हणालो होतो का?"

"तू तो माझ्या हातातून काढून घेतला होतास," बहीण म्हणाली आणि उठली.

त्याचं 'लिही' म्हणणं साधं नव्हतं. पत्रक दर गुरुवारी दुपारी बाराला दोन भाषांत निघायचं. वाचक मराठी वाचत, मंडळ इंग्रजी. मंडळाच्या नियमात एक ओळ होती: बंद करायच्या यादीतल्या बोअरसमोर त्या आठवड्याच्या इंग्रजी पत्रकात 'अपटिक' हा शब्द असेल, तर निर्णय तीन महिने पुढे जाईल. दुसरा कुठलाही शब्द चालत नसे. बासष्ट घरांचे तीन महिने त्या एका शब्दावर होते, आणि तो शब्द लिहिणारी पंपदादाची बहीण होती.

कार्यालयात तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद होता. आधीच्या प्रमुखांनी तो लावला होता. त्यांच्या काळात कुणीतरी आठ दिवसांच्या वाढीला 'अपट्रेंड' लिहिलं, त्या भरवशावर शेजारच्या भागात नवे बोअर मारले गेले, आणि दोन वर्षांत ते सगळे कोरडे पडले. मग त्यांनी वाढीच्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला कुंपण घातलं. 'अपट्रेंड': सलग चार तिमाह्या वाढ. 'अपटर्न': एक पूर्ण तिमाही. 'अपस्विंग': वापरू नये, ज्याला झोके घ्यायचे असतील त्याने बागेत जावं. आणि 'अपटिक': एकाच ठिकाणी, एकाच वेळी, दिवसातून एकदाच घेतलेल्या मोजणीत सलग तीन दिवस वाढ. त्याखाली त्यांच्या हाताने लिहिलं होतं, 'हा शब्द फक्त वाढ झाली एवढं सांगतो. का झाली आणि टिकेल का, हे त्याला विचारू नये.'

बहिणीला हा शब्द आवडायचा. तो शेअर बाजारातून आला होता. तिथे आधीच्या सौद्यापेक्षा भाव एक पायरी वर गेला की त्याला अपटिक म्हणत. त्याची नजर एकच पायरी मागे जाते. महिन्याभरात काय पडझड झाली हे त्याला ठाऊक नसतं, उद्याची तो हमी देत नाही. मराठी पत्रकात ती त्याच्या जागी 'किंचित वाढ' लिहायची. अकरा वर्षांत तिने तो इतर बोअरसमोर चौदा वेळा लिहिला होता. भावाच्या बोअरसमोर एकदाही नाही.

दिवसातून एकदाच, हे कलम सगळ्यात कडक होतं. दुसऱ्यांदा मोजलेला आकडा वहीत आला तर त्यावर तांबडी रेघ मारली जायची. कारण उघड होतं. मोजायची मोकळीक दिली की माणूस हवा तो आकडा येईपर्यंत मोजत बसतो.

मॅडमनी, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखांनी, मंगळवारी तिन्ही आकडे दोनदा वाचले.

"उद्याही वाढ आली तर शब्द बसतो," त्या म्हणाल्या. "पण उद्या टेप सोडताना तुम्ही तिथे उभ्या राहा. भाऊ मोजतो, बहीण लिहिते. कुणी बोट दाखवायला नको."

"मी बोट दाखवणार नाही याची खात्री आहे तुम्हाला?"

"तुम्ही अकरा वर्षं माझ्या स्वल्पविरामांवर बोट दाखवताय," मॅडम म्हणाल्या. "जा."

बुधवारी बहीण साडेसहाला वस्तीत पोचली. पंपाच्या खोलीसमोरच्या फरशीवर दोघं गुडघ्यांवर बसली. पंपदादाने झाकण काढलं. आत सात इंची काळा पाइप होता, त्यातून गार, दगडासारखा वास येत होता. त्याने घड्याळ बघितलं, टेप सोडली. ती खरखरत खाली गेली आणि थांबत आली. मग बारीक 'टीं' झालं. त्याने टेप अंगठ्याने काठावर दाबली.

"वाच तू," तो म्हणाला.

"चारशे पंच्याण्णव."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. चार-नऊ-पाच. दोनने वर."

चार, तीन, दोन. तीन दिवसांत नऊ मिलिमीटर. शब्द बसला होता. पंपदादा उठला, खोलीत गेला आणि बंद पंपावर हात ठेवून आला.

दोघं इथेच थांबली असती तर बाकी काही झालं नसतं. पण शेजारच्या शिलाईवाल्या काकूंना उशिरा कळलं. त्या आठला आल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"मला न बोलावता पाणी वर आणलंत होय रे? मला ऐकायचाय तो बझर. सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, कधी डोळ्यांनी बघितला नाही."

"काकू, दिवसातून एकदाच मोजायचं असतं."

"मग वहीत लिहू नकोस. माझ्या मनात लिही."

पंपदादाने आठ वाजून दहा मिनिटांनी टेप पुन्हा सोडली. 'टीं' झालं. काकू खूश झाल्या. आकडा बघून बहीण मात्र वाकून राहिली. चारशे सत्त्याण्णव. दीड तासात पाणी दोनने खाली गेलं होतं.

"हात हलला तुझा," ती म्हणाली.

"माझा हात सहा वर्षांत हलला नाही."

त्याने पुन्हा सोडली. सत्त्याण्णव. तिने सोडली. सत्त्याण्णव. पंप बंद होता, जवळपास दुसरा बोअर नव्हता. पाणी कुणीही काढत नव्हतं.

नऊ-दहाला ५०१. दहा-दहाला ५०५.

"मेलं, उलटं चाललंय," काकू म्हणाल्या. "मी आले आणि गेलं. माझ्या पायगुणाला नावं ठेवू नका हं."

पंपदादाचा चेहरा उतरला होता. तीन दिवसांत जे नऊ मिलिमीटर आले ते साडेतीन तासांत गेले होते, आणि थोडे आणखी जाणार होते. अकरा-दहाला ५०८. बारा-दहाला ५११. बहिणीने वहीच्या मागच्या पानावर आकडे पेन्सिलीने मांडले होते, कारण पेनाने लिहिले तर त्यांच्यावर तांबडी रेघ आली असती. एक-दहाला पुन्हा ५११. दोन-दहाला तिने आकडा वाचला आणि भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"पाचशे नऊ."

"वर?"

"वर."

तिने मॅडमना फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले. मग मॅडम म्हणाल्या, "कुणी हलू नका. मी येते."

मॅडम तीनला आल्या. पेन्सिलीचे आकडे त्यांनी उभ्यानेच वाचले, मग उलटी बादली ओढून बोअरपाशी बसल्या. तीन-दहाची टेप त्यांनी स्वतः सोडली. ५०६. चार-दहाची पण. ५०२. मधला तासभर त्या पाण्याच्या दिशेने, म्हणजे त्या काळ्या भोकात, बघत राहिल्या. बत्तीस वर्षं नोकरी झालेली बाई, मोठ्याने श्वासही घेत नव्हती.

"मॅडम, बिघाड कुठे आहे ते सांगा एकदाचं," पंपदादा म्हणाला. "टेप का पाइप?"

"बिघाड नाही. चंद्र आहे."

काकूंनी मोजपट्टी गळ्यातून काढली. "दिवसाढवळ्या?"

"कालच अमावास्या झाली. चंद्र आत्ता सूर्याच्या जवळच आहे, उजेडात दिसत नाही एवढंच. पाऊण-एकच्या सुमाराला तो बरोबर डोक्यावर होता." मॅडमनी वर बोट केलं. आकाश कोरं होतं. "समुद्राला तो ओढतो हे आपल्याला माहीत असतं. जमिनीलाही तो तसाच ओढतो. तो डोक्यावर आला की खालचा सगळा खडक वर फुगतो. खडकातल्या चिरा केसाच्याही अंशाने रुंदावतात, पाणी त्यांत उतरतं, आणि बोअरची पातळी खाली जाते. तो मावळतीकडे कलला की चिरा मिटायला लागतात, पाणी पिळून वर येतं. दिवसातून दोनदा."

"फुगतो म्हणजे किती?"

"मोठ्या ओढीच्या दिवशी वीतभर."

काकूंनी फरशीकडे बघितलं. "ही फरशी?"

"फरशी, घरं, रस्ता, पलीकडच्या इमारती. सगळं गाव वीतभर वर जातं आणि खाली येतं."

"माझी मशीन पण?"

"मशीन, तुम्ही, आणि तुमच्या मापात न बसणारं गिऱ्हाईक पण."

"अहो पण कळत कसं नाही?"

"होडीत बसलेल्याला काठ बघून कळतं होडी वर आली म्हणून. इथे काठही आपल्याबरोबरच वर जातो. बघायला उभं राहावं अशी जागाच नाही कुठे." मॅडमनी बोअरच्या काठावर तळहात ठेवला. "या भोकातून तेवढं दिसतं. मी पुस्तकात वाचलं होतं. शिकवलंही होतं एक वर्ष. बघितलं आज."

रस्त्यावरून टँकर गेला, एक बाई पोराला रागावत गेली. पंपदादा हळूच फरशीवर आडवा झाला आणि त्याने कान जमिनीला लावला. ऐकू येण्यासारखं काही नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. त्याला कुणी उठवलं नाही.

पाच-दहाला ४९८. सहा-दहाला ४९६.

एव्हाना बहिणीच्या लक्षात आलं होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो."

"पन्नास मिनिटं."

"म्हणजे रविवारी बोअरमधली ही भरती पहाटे चारलाच येऊन गेली होती. सहा-चाळीसला पाणी उतरायला लागलेलं होतं. सोमवारी भरती पाचला, मंगळवारी पावणेसहाच्या पुढे. आज बरोबर सहा-चाळीसला. आम्ही रोज त्याच वेळी मोजत राहिलो आणि भरती सरकत सरकत आमच्या वेळेवर आली."

"आणि तुम्हाला वाटलं पाणी वर आलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला का, मलाही वाटलं असतं. वेळ चुकू नये म्हणून आपण घड्याळ पाळलं. पाण्याचं घड्याळ निराळं होतं."

"सहा वर्षांत हे दिसलं कसं नाही?" पंपदादाने विचारलं.

"पंप चालू होता. तो बंद झाल्यावरही पाणी रोज तीन-साडेतीन मिलिमीटर घसरत होतं. चंद्राची चढण त्या घसरणीत बुडून जायची."

पंपदादा उठून बसला. "पंधरा दिवसांपूर्वी दोन दिवस आकडा जागचा हलला नव्हता. मला वाटलं टेप अडकतेय. मी तिला तेल दिलं."

मॅडमनी वही मागे उलटली, तो आकडा शोधला, आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पौर्णिमा. चंद्राच्या चढणीने घसरण तेवढी फेडली."

सात वाजून पाच मिनिटांनी भरती पुरी झाली. पाणी ३१.४९४ वर लागलं. सकाळच्या भरतीपेक्षा एक मिलिमीटर वर.

मॅडमनी दिवसभराच्या आकड्यांवरून हिशेब केला. रविवारपासूनच्या नऊ मिलिमीटरपैकी सुमारे सहा चंद्राचे. उरले तीन. हे तीन खरे असतील तर पाणी खरंच वर येत होतं. पण टेपच्या वाचनात तीन मिलिमीटरची चूक होऊ शकते. पक्कं सांगायचं तर भरतीची भरतीशी तुलना करत पंधरा दिवस मोजावं लागेल. गुरुवारचे बारा वाजायला सतरा तास होते.

"नियमाप्रमाणे शब्द तुम्हाला मिळालेला आहे," मॅडम बहिणीला म्हणाल्या. "एकच ठिकाण, एकच वेळ, सलग तीन दिवस. का वाढलं हे त्या शब्दाला विचारायचं नाही, असं आपल्याच भिंतीवर लिहिलंय. तुम्ही अपटिक लिहिलंत तर ते खोटं होणार नाही. मी अडवणार नाही."

"आणि चंद्राचं?"

"ते लिहायचा नियम नाही. न लिहायचाही नाही. पत्रक तुमचं आहे."

"अगं, मग लिहून टाक की तेवढा शब्द," काकू म्हणाल्या. "चंद्राला काय फरक पडणार आहे? तो काय बाराव्या मजल्यावर राहायला चाललाय?"

बहिणीने भावाकडे बघितलं. तिला त्याच्या तोंडून तेच हवं होतं की नको होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पंपदादा पेन्सिलीचे आकडे वरपासून खालपर्यंत बोटाने मोजत होता. खाली गेलेले, थांबलेले, वर आलेले.

"हे पेनाने लिही," तो म्हणाला.

"काय?"

"हे सगळे. वहीत. आणि पत्रकात दोन्ही लिही. शब्द पण, चंद्र पण."

"दादा, खालची ओळ वाचली की मंडळवाले वरचा शब्द धरणार नाहीत. शुक्रवारीच बुजवतील."

"बुजवतील."

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय हा," काकू कडाडल्या. "आणि धोंड्याखाली माझा पण पाय आहे, ते विसरू नकोस. तुझ्या कौतुकापायी बासष्ट घरं उठवणार तू?"

"काकू, सहा वर्षं मी रोज इथे वाकून बघतोय," पंपदादा म्हणाला. "मला वाटायचं मेलेल्या माणसाची नाडी बघतोय. आज ते श्वास घेताना बघितलं. बघितलं आणि लपवून ठेवलं, तर मग उद्यापासून मी टेप कशाला सोडू?"

"तीन महिने राहायला मिळावं म्हणून!"

काकू गेल्या आणि त्यांनी आपलं दार आपटलं. मॅडमनी खिशातलं पेन काढून बहिणीपुढे धरलं, आणि तांबडी रेघ येऊ नये म्हणून तिने लिहिलेल्या प्रत्येक आकड्याखाली स्वतः सही केली.

गुरुवारी सकाळची भरती साडेसातला आली. ३१.४९४. आदल्या संध्याकाळएवढीच.

पत्रक बाराला निघालं. वस्तीच्या बोअरसमोर इंग्रजी प्रतीत 'अपटिक' होता, मराठीत 'किंचित वाढ, नऊ मिलिमीटर'. खाली दोन्ही भाषांत दोन वाक्यं होती: या वाढीतले सुमारे सहा मिलिमीटर चंद्राच्या ओढीने सरकलेल्या भरतीचे आहेत, उरलेले तीन टेपच्या चुकीच्या मर्यादेत बसतात. मात्र बुधवारच्या बारा तासांच्या मोजणीत पूर्वीची घसरण दिसली नाही.

साडेबाराला मंडळाच्या कारकुनाचा फोन आला.

"बाई, एवढंच सांगा. अपटिक धरायचा की नाही?"

"शब्द लिहिलाय."

"ते दिसतंय. खालचं काय करू?"

"तेही लिहिलंय."

"पण माझ्या रकान्यात हो किंवा नाही एवढीच जागा आहे."

"मग रकाना रिकामा ठेवून साहेबांकडे न्या," बहीण म्हणाली. कारकुनाने 'बरं' म्हणून फोन ठेवला. रिकामा ठेवला की भरला, ते कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांच्या भरतीला पाणी ३१.४९२ वर लागलं. त्या वेळी पंपाच्या खोलीसमोर वस्तीतली वीसेक माणसं उभी होती. काही फक्त बझर ऐकायला आली होती. काकू त्यांत नव्हत्या. त्या आपल्या दारातून बघत होत्या.

मंडळाची बैठक दुपारी दोनला सुरू झाली. वस्तीचा विषय यादीत सातवा होता. अडीचला ओहोटीचा तळ आला तेव्हा पंपदादाने टेप सोडली. पाणी ३१.५०९ वर होतं. बुधवारच्या तळापेक्षा दोन मिलिमीटर वर. मॅडमनी फोनवर आकडा ऐकून घेतला आणि हे पाण्याचं की टेपचं ते सांगता येणार नाही असं म्हटलं.

सायंकाळी पाच वाजेपर्यंत बैठक चौथ्या विषयावर होती.